वॉशिंग मशीनच्या खोक्यातलं रोमन घर

रोमन घराच्या बरोबर मधोमध मी तुळस लावली.

शनिवारची अख्खी दुपार त्यात गेली होती. मुलांच्या रंगीत मातीचं छोटंसं वृंदावन, त्याला पणतीसाठी कोनाडा, आणि वर काडेपेटीच्या काडीला हिरव्या क्रेप कागदाची पानं. ती माती आणि तो कागद आणायला सकाळी अमीनाबादच्या बाजारातल्या गर्दीत जाऊन घामाघूम होऊन आलो होतो. मुलगी क्लासवरून आली, तिनं पाठीवरचं दप्तर न काढताच वाकून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बाबा, रोम में तुलसी किसने लगाई?"

लावणारा समोरच बसला होता, बोटांना हिरवा रंग लावून.

तिच्या शाळेत सोमवारी प्रदर्शन होतं. नववीच्या मुलांना प्राचीन रोममधलं रोजचं जीवन असा विषय होता. कुणाच्या वाट्याला सार्वजनिक स्नानगृह आलं, कुणाच्या रस्ता, कुणाच्या दूरवरून शहरात पाणी आणणारी कमानींची रांग. आमच्याकडे घर आलं. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे. मी कॉलेजात इतिहास शिकलो आणि पुढं बँकेत लागलो. त्यामुळं घरात इतिहासाचं काही निघालं की मला उगाचच हुरूप येतो आणि बायकोला पसारा दिसायला लागतो.

चूक कशी झाली तेही सांगतो. श्रीमंत रोमन माणसाच्या घरात शिरलं की एक मोठं दालन लागायचं. त्याच्या छताला मधोमध चौकोनी भोक, भोवती खोल्या. चित्रात भोवती खोल्या आणि मध्ये मोकळं आकाश दिसलं, आणि पुढचं काम माझ्या हातांनी मला न विचारता उरकलं. मध्ये मोकळी जागा आहे म्हटल्यावर तिथं आणखी काय असणार? खरं तर तिथं उथळ टाकी असायची. छतावरचं पावसाचं पाणी भोकातून त्या टाकीत पडायचं. पण पुस्तक मी जेवणानंतर आडवं पडून वाचायला घेतलं होतं, आणि टाकीचं पान यायच्या आधी मला झोप लागली.

तुळशीचं एक वेळ निभावलं असतं. घरच धड उभं राहत नव्हतं. भिंती बुटांच्या खोक्यांच्या झाकणांच्या होत्या आणि खांब लग्नपत्रिका गुंडाळून केलेले. एका खांबाच्या आतून सोनेरी गणपती डोकावत होता. जाड पुठ्ठा घरात होता, नव्हता असं नाही. माळ्यावर चांगली दणकट खोकी होती. पण ती मी देत नव्हतो.

आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीवाल्यांना या खोक्यांचं महत्त्व सांगावं लागत नाही. टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन, ज्याचं त्याचं मूळ खोकं थर्माकोलसकट जपून ठेवायचं. पुढची बदली झाली की सामान त्यातच जातं आणि ओरखडा न पडता पोचतं. साताऱ्याहून इकडं उत्तरेत यायला निघाल्यापासून मी हा धर्म पाळत आलोय. इंदिरा नगरच्या या भाड्याच्या घरात आम्ही आलो ते थोड्या दिवसांसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. भिंतीला मी एकही खिळा मारला नाही, सोडताना भोकं बुजवत कोण बसणार. म्हणून आमचं भिंतीवरचं घड्याळ फ्रिजवर उभं असतं, आणि फ्रिजचं दार जोरात लावलं की तोंडावर पडतं. दर वर्षी मी गावाकडच्या बदलीसाठी विनंती करायचो, दर वर्षी ती नामंजूर व्हायची, आणि मी माळ्यावरच्या खोक्यांकडे बघून म्हणायचो, असू दे, पुढच्या वर्षी.

यंदा, तुळस लावली त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी फोन आला. गोमती नगरच्या ऑफिसात संध्याकाळी आवराआवर करत होतो. वरच्या ऑफिसातला ओळखीचा अधिकारी म्हणाला की एप्रिलपासून कोल्हापूरला जागा होतेय, हवी असेल तर सोमवारी दुपारपर्यंत हो म्हणा, नाहीतर दुसऱ्याला देतो, आणि मग पुन्हा कधी ते सांगता येत नाही. कोल्हापूर म्हणजे साताऱ्याच्या जवळ, म्हणजे आईजवळ. इतक्या वर्षांनी मागितलेलं मिळत होतं, आणि मला आनंदाऐवजी एकदम दमल्यासारखं झालं. खुर्चीतून उठवेना.

घरी येऊन स्वयंपाकघरात बायकोला हळू आवाजात सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "बघू," म्हणाली आणि पोळी उलटली. एवढ्या वर्षांत तिच्या 'बघू'चे अनेक अर्थ मला कळायला लागलेत, पण हा नवीनच होता. मुलगी एप्रिलमध्ये दहावीत जाणार होती. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही तो विषय काढला नाही. मुलीला काही सांगायचं नाही असं मात्र न बोलताच ठरलं.

रविवारी सकाळी रोमन घराचं छप्पर कोसळलं. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. पंखा चालू होता, तेवढं पुरलं. छप्पर पडलं, गणपतीचा खांब आडवा झाला, तुळस तेवढी शाबूत राहिली. मुलगी चिडेल, रडेल अशी माझी तयारी होती. ती झाकणं गोळा करायला लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "रहने दो बाबा. वैसे भी अप्रैल में तो जाना ही है."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. भाड्याच्या घराच्या भिंती पातळ असतात.

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"किसी ने नहीं," ती म्हणाली, आणि झाकणाची धार बोटाला लागली तशी पटकन "आई गं" म्हणाली.

आमच्या मुलीचं असं आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतून येतं. लागलं, खुपलं, पोटात दुखलं की मात्र मराठी. आदल्या रात्री त्याच पुस्तकात पुढं मी ब्रिटनच्या उत्तर सीमेबद्दल वाचलं होतं. रोमनांनी तिथं एक लांबलचक भिंत बांधली होती आणि तिच्यावर पहाऱ्याला कुठून कुठून माणसं नेली होती. त्या भागात एका बाईच्या थडग्याचा दगड सापडला. नवरा पार सीरियातून आलेला. त्यानं मजकूर शिरस्त्याप्रमाणे लॅटिनमध्ये कोरून घेतला, आणि खाली एकच ओळ आपल्या घरच्या लिपीत. तिथं ती लिपी वाचणारे किती असतील कोण जाणे. वाचलं तेव्हा मला ती माहिती वाटली होती. आता मुलगी बोट तोंडात घालून बसली होती, आणि मी पुस्तक उचलून शेल्फात ठेवून दिलं.

स्टूल घेतलं. बायको शिकवणीच्या मुलांचे पेपर तपासत बसली होती, ती उठून स्टूल धरायला आली. माझ्या वजनावर आणि त्या स्टुलावर तिचा सारखाच अविश्वास आहे. वर चढून सगळ्यात मोठं, वॉशिंग मशीनचं खोकं ओढायला गेलो तर ते हलेना. रिकामं खोकं इतकं जड कसं म्हणून झाकण उघडलं. आत रजया होत्या. खाली जाड, वर पातळ, मधूनमधून वाळलेला कडुलिंबाचा पाला. इथल्या थंडीत लागणाऱ्या त्या सगळ्या रजया, ज्या दर वर्षी दिवाळीनंतर आपोआप पलंगावर येतात आणि होळीनंतर आपोआप दिसेनाशा होतात. त्या कुठं जातात हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"यात रजया आहेत," मी वरून म्हणालो.

"मग कुठं ठेवायच्या?"

"कधीपासून?"

"आपण आलो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून."

"मला वाटायचं खोकं रिकामं आहे."

"तुम्ही कधी उघडून बघितलंत?"

मी रजया एकेक करून खाली देत गेलो, ती घेत गेली. पलंगावर ढीग झाला. मग खोकं उतरवलं आणि मी तसाच स्टुलावर बसलो. पाठ भरून आली होती. शुक्रवारपासून जे विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं, "तुला जायचंय का कोल्हापूरला?"

"विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

ती ढिगाच्या कडेला बसली. "आईंसाठी जायचं असेल तर चला, मी पोरीची समजूत काढीन. पण खोकी जपलीत म्हणून जायला नको." जरा थांबून म्हणाली, "मला आता पुन्हा नवा दूधवाला शोधायचा कंटाळा आलाय."

कंटाळा मलाही आला होता, फक्त तो कशाचा ते तिला माझ्या आधी कळलं होतं. आईसाठी म्हणावं, तर आई भाऊ-वहिनीपाशी सुखात आहे. दर रविवारी फोनवर विचारते, यंदा जमतंय का. मी म्हणतो, बघू. माझ्या 'बघू'चा मात्र एकच अर्थ आहे, आणि तो आईला फार पूर्वीच कळला असणार.

खोक्याला सुरी मीच लावली. एका बाजूला 'ही बाजू वर' अशा अर्थाचा मोठा बाण छापलेला होता, तो आम्ही आतल्या अंगाला घेतला. मुलगी आधी दुरून बघत होती, मग माझी कापायची पद्धत तिला सहन होईना म्हणून तिनं सुरी काढून घेतली. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत भिंती उभ्या राहिल्या, ठोकून बघाव्यात अशा. जेवताना मी त्या सीमेवरच्या सैनिकांचं सांगितलं. त्यांना घरून मोजे आणि आतले कपडे पाठवल्याची चिठ्ठी सापडलीय, आणि बिअर संपलीय, पाठवा, असं कळवणारीसुद्धा. बायको म्हणाली की पहिल्या वर्षी तुम्हीही आईंकडून काळा मसाला आणि कानटोपी मागवली होती. खरं होतं. आता मसाला ती इथलीच मिरची आणून घरी करते, आणि कानटोपी इंदिरा नगरच्या बाजारातली आहे.

"फिर वो लोग घर गए?" मुलीनं विचारलं.

काही गेले, मी म्हणालो. पाव शतक नोकरी करून सुटले की बरेचसे तिथंच राहिले. तिथल्याच बायकांशी संसार केले, त्यांच्या मुलांना तेच गाव आपलं वाटायचं. रोमच्या इतिहासात लढाया आणि राजे फार असतात, या लोकांबद्दल दोन-चार ओळी येतात. मुलगी भात कालवत राहिली. मग म्हणाली, "थक गए होंगे."

संध्याकाळी छताला चौकोनी भोक पाडलं. देव्हारा मी केला, तिथं मात्र चुकलो नाही. रोमन घरातही देवांची छोटी जागा असायची आणि जेवणातलं थोडं त्यांच्यापुढं ठेवायचे, म्हणजे नैवेद्यच. कामाला गुलाम असायचे. आमच्याकडे ते काम माझ्याकडे होतं. तुळस काढून टाकी करायची ठरली, पण तुळस मी इतकी घट्ट चिकटवली होती की जुन्या तळाचा पुठ्ठा तिच्याबरोबर उखडून आला. नव्या तळावर मुलीनं डब्यातल्या चंदेरी कागदाची टाकी केली. वृंदावन बायकोनं उचलून फ्रिजवर, घड्याळाच्या शेजारी ठेवलं.

सोमवारी ऑफिसात गेल्यागेल्या फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. पलीकडच्याला खरं वाटेना, त्यानं दोनदा विचारलं. मग आईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं, म्हणाली पोरीची दहावी आहे, बरोबर आहे तुझं, आणि तिकडं थंडी पडली का ते विचारलं. मी म्हणालो, अजून नाही. त्या दिवशी मी कामात काय केलं मला आठवत नाही.

प्रदर्शनात पहिला नंबर स्नानगृहाला मिळाला. त्यांच्याकडे खरोखरचं वाहतं पाणी होतं, त्याच्यापुढं आमचा चंदेरी कागद काय टिकणार. आमच्या घराबद्दल बाईंनी फक्त एवढंच विचारलं की हे इतकं मजबूत कशाचं केलंय. मुलीनं सांगितलं, खोक्याचं. घर शाळेतच राहिलं, वर्गातल्या कपाटावर.

संध्याकाळी घरी आलो तर रजया अजून पलंगावरच होत्या, ठेवायला खोकं नव्हतं. त्या बाजूला सारून मी टेकलो आणि बायकोला सांगितलं की नको म्हणून कळवलं, आईलाही सांगितलं, आता पुन्हा विनंती करणार नाही. ती एक रजई उलगडून झटकत होती. थांबली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी वगैरे येतंय की काय.

"मग आता ते घड्याळ भिंतीला लावा," ती म्हणाली. "आणि खिळा मारायला माणूस बोलवा, तुम्ही नका मारू."