तांदळातून आलेली एरर

भुताखेतांच्या गोष्टींना मी हसणारा माणूस. आजही हसतो... फक्त ही एक सोडून.

लोणावळ्यात एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी नेटवर्क सांभाळतो. गावोगावच्या राउटरना ऑफिसातून प्रश्न पाठवायचे — चालू आहेस का, लाइन ठीक आहे का? प्रश्न चुकला तर राउटर एरर पाठवतो. बंद असेल तर काहीच नाही, नुसता टाइमआउट. म्हणून एरर आली की मला बरं वाटतं. शिव्या घालणारा निदान जिवंत तरी असतो!

गेल्या पावसाळ्यात सकाळीच लोहगडवाडीहून सारिकाचा फोन आला. "दादा, कालपासनं नेट न्हाई. बाराला नोकरीची मुलाखत हाय, ऑनलाइन..." गडाच्या पायऱ्या चढून बोलत होती, तिथेच काय ती जरा रेंज. तेवढ्यात फोन कटला.

मी राउटरला विचारत राहिलो. टाइमआउट... टाइमआउट. साहेब म्हणाले, "मेलाय तो. नवा उद्या येईल, तेव्हा जा." जीव राहीना म्हणून शेवटचा एक प्रश्न टाकला, घाईत त्यात आकडा चुकला — आणि एरर आली! 'असं काही माझ्याकडे नाही.' पत्ता त्याच राउटरचा. म्हणजे जिवंत आहे! मी बाइक काढली.

सारिकाची आई गडाखाली घरापुढेच पिठलं-भाकरीचा स्टॉल चालवते. "मावशी, राउटर कुठंय?"

"तांदळात."

"काय?"

"काल सांजच्याला पत्र्यातनं पानी गळलं त्याच्यावर. ट्रेकवाली पोरं भिजल्याला मोबाइल तांदळात ठिवत्यात न्हवं? मंग मीबी ठिवला."

इंद्रायणी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तो काढला. ना वायर, ना वीज. मग मघाशी मला एरर पाठवली कुणी? पण आधी तो जोडला. दिवे लागले, मुलाखत वेळेत झाली. सारिकाला नोकरीही लागली, इतका आनंद मला स्वतःच्या नोकरीचा झाला नव्हता.

ऑफिसात लॉग, म्हणजे आलेल्या-गेलेल्या निरोपांची नोंद, पुन्हा पाहिला. एरर तिथेच होती. दुसऱ्या कुठल्या राउटरला चुकून तोच पत्ता दिलाय का, तेही तपासलं. नव्हता. साहेबांनी दोनदा वाचलं आणि चहा मागवला.

मावशींना मात्र यात नवल वाटलं नाही. "आमच्याच घरात ऱ्हातोय त्यो. पोरीचं काम हाय, येवढं कळायचं न्हाई व्हय त्याला?"

बरोबर विचारलेले सगळे प्रश्न वाया गेले. चुकलेल्या एकाला कुणीतरी 'नाही' म्हणालं, म्हणून मी गेलो.