अर्धा टब

कुणाचं बोलणं लांबलं की ते हात पुढे करून हवेतला नळ बंद करायचे. अंगठा, दोन बोटं आणि मनगटाला एक छोटा पीळ. सोबत एकच शब्द : "पुरे." सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर गणपतीच्या आरतीतही. समोरचा खरोखर थांबायचा.

सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्यात काढली होती. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत ते आणि त्यांची पत्नी चौथ्या मजल्यावर राहत. मी दुसऱ्या मजल्यावर, एका वर्तमानपत्रात बातमीदार. सगळी इमारत त्यांना काका म्हणायची आणि थोडी दबकून असायची, कारण वाहत्या नळाचा आवाज त्यांना बंद दारातूनही यायचा. बेल वाजायची. "तुमच्या बेसिनपाशी कुणी नाहीये बहुतेक," एवढं सांगून ते वर निघून जायचे. एक शेजारी पाइप लावून स्कूटर धूत होते, तेव्हा काका बाजूला जाऊन उभे राहिले. "खडकवासला धरण आपल्या नावावर झालं म्हणे. पेढे नाही दिलेत?" शेजाऱ्यांनी पुढे स्कूटर ओल्या फडक्यानं पुसायला सुरुवात केली.

सोसायटीचे सेक्रेटरी असताना त्यांनी लिफ्टमध्ये स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती : 'लिफ्टमधून बादल्या नेऊ नयेत. पाणी सांडते.' ती पाटी त्यांनाच भोवायची होती.

अशा माणसाच्या घरी टब आला.

टेम्पोतून उतरवताना तो आम्ही सगळ्यांनी पाहिला. पांढरा, माणूस पाय पसरून बसेल एवढा. काका गेटपाशी उभे होते आणि कुणी न विचारता सांगत होते, "साठवायला. कपातीच्या दिवशी उपयोगी पडतो."

"साठवायला ड्रम हाय की, काका," वॉचमन म्हणाला.

काकांनी त्याच्यापुढे हवेतला नळ बंद केला.

खरं कारण काकूंचे गुडघे होते. ऑपरेशनला डॉक्टर तयार नव्हते. काकूंचं हृदय तितकं धड नव्हतं. मध्यंतरी त्या बंगळूरला मुलीकडे जाऊन आल्या. तिथे बाथरूममध्ये टब होता. आल्यावर मला म्हणाल्या, "ऊन पाण्यात बसले ना, की तेवढा वेळ गुडघे आहेत हेच विसरायला व्हायचं बघ." हे वाक्य त्यांनी काकांनाही ऐकवलं असणार, कारण महिन्याभरात चौथ्या मजल्यावर फरशी फोडल्याचा आवाज सुरू झाला.

काम पुरं झालं तेव्हा काकांनी मला वर बोलावलं. "बघायला या. पण छापू नका हं."

जुनी काळपट शहाबादी फरशी गेली होती. पाय घसरू नये म्हणून खरखरीत टाइल्स, भिंतीवर काकूंनी निवडलेल्या पांढऱ्या टाइल्स आणि त्यांत मधूनच निळं फूल. टबात उतरायला बांधून घेतलेली बुटकी पायरी, धरायला दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे. साबणाची खोबणसुद्धा बसल्या जागी हात पोचेल अशी. काकांनी प्रत्येक दांड्याला लोंबकळून दाखवलं. नवऱ्यानं बायकोसाठी इतका बारीक विचार केलेली खोली मी दुसरी पाहिलेली नाही. टबापाशी आल्यावर मात्र त्यांचा आवाज खाली आला. "अर्धाच भरायचा. तोही रविवारीच. आणि पाणी मोरीत सोडायचं नाही."

मग ते जायचं कुठे? झाडांना. रविवारी सकाळी काकू टबात बसायच्या. पाण्यात सांधेदुखीवरचा निर्गुडीचा पाला असायचा. साबणाला बंदी होती, झाडांना चालत नाही म्हणून. त्या बाहेर आल्या की काका बादलीनं टब उपसायचे आणि चार मजले जिन्यानं उतरायचे. लिफ्टमध्ये पाटी होती. खाली कंपाउंडमध्ये चाफा, जास्वंद, कढीपत्ता. जिन्यात कुणी भेटलं की बादली टेकवून म्हणायचे, "वाया नाही जात हं." बादलीत निर्गुडीची पानं तरंगत असायची. वॉचमन एकदा हात पुढे करून आला, तर म्हणाले, "माझं पाप आहे, मी वाहतो." आम्ही हसलो. तेही हसले, पण कडी सोडली नाही.

पावसाळा संपत आला आणि बादल्या थांबल्या.

"गुडघे सुधारले," काकांनी जाहीर केलं. "गरजच पडत नाही आता तिला. टबानं काम केलं." भेटेल त्याला हे सांगायचे. एका शेजाऱ्यांना तर टब कुठे मिळतो तेही सांगितलं.

त्याच सुमाराला मी काही कामानं वर गेले होते. काका बँकेत गेले होते. काकू बाथरूममध्ये होत्या, दार उघडं. कोरड्या टबाच्या काठावर बसून तांब्यानं गुडघ्यांवर ऊन पाणी सोडत होत्या.

"सुधारलेत म्हणे," मी म्हटलं.

"कुठले गं! आहेत तिथंच आहेत."

"मग टब?"

"अगं, मी आत बसते आणि बाहेर ह्यांची घालमेल ऐकू येते. झालं का, गार झालं का. मग त्या बादल्या. या वयात जिन्यात पाय घसरला म्हणजे?"

"मोरीत सोडून द्या पाणी."

"ह्या घरात?" काकू मोठ्यानं हसल्या. मग तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "आणि खरं सांगू? माझे पाय सरळ होत नाहीत. अर्ध्या टबात गुडघे वरच राहतात. पाठ तेवढी भिजते. पाठीला काही झालेलं नाहीये माझ्या."

उठताना त्यांनी दोन्ही दांडे धरले. "सांगू नकोस हं त्यांना. बरं झालं असं वाटतंय, वाटू दे."

मी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. हृदयानंच. झोपेत.

दिवसकार्य उरकून मुलगी परत गेली आणि काही दिवसांनी माझी बेल वाजली. दारात काका. स्वयंपाकघरात मी भांडी विसळत होते आणि नळ तसाच ठेवून आले होते. त्यासाठीच आले असतील, असं वाटलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. आतही आले नाहीत.

"तुम्ही बातमीदार. ऐकीव गोष्टीवर चालत नाही तुमचं. म्हणून विचारतो. तिनं टब सोडला, तो गुडघे बरे झाले म्हणून नव्हे. तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

"मलाही."

ते दाराच्या चौकटीकडे बघून बोलत होते.

"दांडे मीच बसवले. बरा झालेला माणूस दोन्ही हातांनी दांडा धरून उठेल का? मला रोज दिसायचं. ती म्हणाली, आता बरं वाटतंय. मी म्हटलं, वा. पुढे एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर टब भरावा लागला असता. त्या दिवशी मला हायसं वाटलं हो. गावभर सांगत सुटलो, ते तिच्यासाठी नव्हे. परत विचारायची वेळ येऊ नये म्हणून."

मी म्हणू लागले की तुमचं वय, चार मजले, काकूंनाही तुमची काळजी होतीच. त्यांचा हात पुढे आला. अंगठा, दोन बोटं, मनगटाला पीळ. 'पुरे' म्हणाले नाहीत.

ते जिना चढून गेले. आत माझा नळ वाहतच होता.

दिवाळीनंतर मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. चौथ्या मजल्यावरचं घर बंद आहे. लिफ्टमधली पाटी कुणी काढलेली नाही. त्यांचं माझ्याजवळ राहिलेलं शेवटचं चित्र, ते जाण्याआधीच्या एका रविवारचं.

सकाळी जिन्यात बादलीच्या कडीचा आवाज आला म्हणून मी दार उघडलं. काका उतरत होते. बादलीत निर्गुडीची पानं होती. मी वाट दिली. ते गेले, रिकामी बादली घेऊन वर आले, पुन्हा उतरले. पुन्हा वर. अर्ध्या टबाला इतक्या खेपा लागत नसत.

मी खाली गेले तेव्हा वॉचमन गेटपाशी नुसता उभा होता. "म्या म्हनलं, द्या. देईनात."

चाफ्याचं आळं काठोकाठ भरलं होतं. जास्वंदीचंही. काकांनी हातातली बादली चाफ्याच्या त्याच भरल्या आळ्यात ओतली. पाणी आळ्यातून फुटलं, फरशीवरून गेटकडे निघालं, गेटखालून रस्त्यावर गेलं. दोन-चार पानं त्याच्याबरोबर गेली.

काका ते वाहून जाणारं पाणी बघत उभे राहिले. मग बादली उचलून पुन्हा जिन्याकडे वळले.