साबण आणि निरांजन
ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण दसऱ्याला झेंडूसोबत पेट्रोलचाही वास माझ्या नाकात येतोच. गोराईच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला दादाने जाड चाकांची जुनी एटीव्ही घेतली होती आणि त्या दसऱ्याला, पूजेच्या आधी, तिचा कार्ब्युरेटर गळत होता. "मेकॅनिकला बोलवूया," दादा म्हणाला. "मी काय मेलोय का रे?" म्हणत मी कार्ब्युरेटरच्या चिरेवर कपड्याचा साबण चोळला; पेट्रोलची गळकी टाकी आम्ही अशीच बुजवायचो. थेंब थांबले. दादा नारळ आणायला आत गेला आणि वहिनी पूजेचं ताट घेऊन आल्या. "भावोजी, वास येतोय हो अजून." "ओवाळा बिनधास्त!" निरांजन इंजिनापाशी गेलं आणि भक्कन जाळ उठला. मी दगडासारखा उभा. समोर वहिनींच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काळ्या पडत होत्या. शेजाऱ्यांनी वाळू टाकून आग विझवली. "झालं काय?" दादा ओरडला. मी तोंड उघडण्याआधी वहिनीच म्हणाल्या, "माझ्याच हातून निरांजन निसटलं." मी हातातला साबणाचा तुकडा खिशात सरकवला. पुढे दर दसऱ्याला त्यांच्या भाजून आखडलेल्या बोटांतून आपट्याचं पान घेताना, पाया पडताना, 'वहिनी, चूक माझी होती, माफ करा' हे ओठांवर यायचं, तेवढ्यात त्या म्हणायच्या, "सोन्यासारखे राहा, भावोजी." यंदा त्या नाहीत, आणि माफीचं ते वाक्य अजून माझ्याच तोंडात आहे.