मधली पट्टी

…तर काच कापताना फ्रेमवाल्याचा हात कधी थरथरला नाही, इथवर सांगून झालं होतं. पण त्याच्या बायकोचं राहिलंच की. लग्न होऊन आली तेव्हा तिनं भिंतीवर कॅलेंडरखेरीज काही पाहिलेलं नव्हतं. नवऱ्यानं तिला जुन्या फ्रेमा उचकटायला बसवलं, आणि बाई त्या कामात अशी बुडाली की घरात भाजी करपून कोळसा झाली तरी तिला वास येत नसे.

फ्रेम निघाली की चित्र उघडं पडतं, आणि उघडं पडलेलं चित्र काही लपवत नाही. कुणाच्या पणजीनं रेशमानं भरलेला मोर आला, तर ही आधी तो उलटा करून गाठी बघायची. काचेच्या पाठीवर रंगवलेली जुनी तसबीर आली, तेव्हा तिला उमगलं की यात बुबुळं आधी काढायची आणि चेहरा मागाहून. शिंपल्यांची फुलं आली, कात्रीनं कातरलेली कागदाची जाळी आली. एकदा तर एका पोरसवदा चित्रकारानं गंजका पत्रा, फाटकं पोतं आणि डांबर एकावर एक थापून आणलं.

"हे चित्र होय? मी तर मागच्या दारी फेकणार होतो," फ्रेमवाला म्हणाला.

"फेकाल. परवा माझी चप्पल फेकलीत तशी."

त्या पोत्यासमोर ती मात्र चहा निवेपर्यंत बसून राहिली. संध्याकाळी म्हणाली, "अहो, माझ्या आईचा एकही फोटो नाही. पण असं असेल, तर मला तिला करता येईल."

आणि तिनं करायला घेतलं. एका जाड फळीवर माहेरचं अंगण. भिंत पोत्याची, हौद पत्र्याचा, दोरीवर वाळणारी चादर बारीक टाक्यांची. दारात पाठमोरी आई, तिच्या पोलक्याच्या पाठीला तिचीच जपून ठेवलेली बटणं, आणि अंगावर वितळवलेल्या मेणाचा थर. त्या मोरवाल्या पणजीकडून टाका उचलला, चित्रकाराकडून पोतं. चोरी म्हणा हवं तर. वर्षं गेली. मग डोळे जायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, काय बघायचं ते बघून घ्या. शेवटची बटणं तिनं चाचपूनच बसवली.

फ्रेमवाल्यानं आयुष्यभर गिऱ्हाईकांना एकच गोष्ट पढवली होती: उठावाचं काम असेल तर काच आणि चित्र यांच्यात लाकडाची पट्टी हवी, काच टेकता कामा नये. पण बायकोसाठी त्यानं राखून ठेवलेली नक्षीची फ्रेम निघाली उथळ. पट्टी घातली की मागचा पुठ्ठा बसेना. दुसरी फ्रेम करायला त्याचं मन होईना. तिला तीच आवडलेली होती, अजून थोडं दिसत होतं तेव्हा. त्यानं पट्टी काढली, अंगठ्यानं दाब दिला आणि खिळे ठोकले. त्यावर एक आख्खा उन्हाळा गेला, तापल्या पत्र्याच्या छपराखाली.

डोळ्यांसमोर पुरता अंधार झाल्यावर ती एका दुपारी टेबलाशी येऊन बसली. "अहो, काच काढा. आईला हात लावायचाय."

त्यानं खिळे उपसले. काच हलेना. पातळ सुरी सरकवली, हलकेच उचललं, आणि कोरडी चामडी सोलल्यासारखा आवाज झाला. आई काचेबरोबर वर आली. अर्धं पोतंही आलं. टाके तुटले, बटणं टेबलावरून घरंगळली.

"काय झालं?"

"काही नाही. खिळा अडकलाय."

"खिळे मघाशीच वाटीत टाकलेत तुम्ही. ऐकलंय मी."

तिनं हात पुढं केला. त्यानं आधी फळी मागं ओढली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा तिच्यासमोर ठेवली. बोटं उघड्या लाकडावरून, सुकलेल्या सरसावरून फिरली, हौदापाशी थोडी अडखळली आणि दाराच्या जागी येऊन थांबली.

"पट्टी?" तिनं विचारलं.

"बसत नव्हती."

तिनं बोटं फळीवरून काढून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर फ्रेमवाल्याला बरं वाटलं असतं. तो गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखाली चाचपत बटणं गोळा करू लागला. एकेक तिच्या ओंजळीत टाकत म्हणाला, "अगं, सगळं इथंच आहे. एक कपचीसुद्धा हरवू देत नाही. तू जागा सांग, मी चिकटवतो."

तिनं ओंजळ मिटली.

"चिकटवाल हो तुम्ही. पण कुठं काय होतं, तेच तर हाताला विचारायला बसले होते मी."