लाल दिवा आणि दसऱ्याचा रंग

इकडं हिंदी मुलखातल्या शहरात, कांचघर भागात ज्या काकूंच्या मागच्या खोलीत मी राहतो, त्यांचं आधी सांगतो, गाडीचं मग. त्या नसत्या तर मी यवतमाळकडं परत गेलो असतो आणि गावानं म्हटलं असतं, आठवी सोडली, तिकडंही जमलं नाही. काकू गाड्या बनवणाऱ्या फॅक्टरीत वायरिंगच्या कामावर होत्या, आता रिटायर आहेत.

मी पनागर गावची भाजी शहरात सदरच्या बाजारात पोचवतो. पिकअप मालकाची, आणि चांगली जुनी. दसरा झाला आणि तिचं बिनसलं. हेडलाइट लावले की बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायचा, टेम्परेचरचा काटा वर चढायचा, आणि इंडिकेटर दिला की डॅशबोर्डचे बाकीचे दिवे त्याच्याबरोबर उघडझाप करायचे. इंजिन मात्र तापलेलं नसायचं. मी मुळात घाबरट, दर फेरीआधी रेडिएटरचं पाणी बघायचो. पाणी असायचंच.

मालकानं निकाल देऊन टाकला. बॅटरी चार्ज करणारा डायनमो जळला, आणि तो मीच जाळला, कारण रस्त्यात बंद पडलेल्या एका गाडीला मी आपल्या बॅटरीवरून स्टार्ट दिला होता. दिला होता, पण नीट दिला होता. आता त्याचा भाचा गाडी चालवणार होता आणि मी मागं बसून पोती उतरवणार होतो. त्यानं चावीसाठी हात पुढं केला.

मी चावी दिली नाही. म्हणालो, "भैया, कल तक रुको। डायनमो खराब निकला तो चाबी मैं खुद रख दूँगा।"

घरी आलो तर काकूंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि सगळं विचारून घेतलं.

"काहून तोंड पाडून राहिला? इतकं सगळं एका दिवशी मरत नसते. सगळ्यांचा करंट ज्या एका वाटेनं बॅटरीकडं परत येते, ते वाट तपासून पाह्य."

त्यांनी जाड वायरीचा एक तुकडा दिला आणि कुठून कुठं लावायचा ते सांगितलं. मी म्हटलं, तुम्हीच चला ना. तर म्हणाल्या, गाडी तू चालवतो का मी?

सकाळी मालकाच्या अंगणात इंजिन चालू केलं, हेडलाइट लावले. वायरीचं एक टोक बॅटरीच्या मायनसला धरलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. लाल दिवा विझला, काटा खाली आला. वायर काढली की पुन्हा तेच. म्हणजे डायनमो ठीक होता, अर्थिंग, म्हणजे करंट परत यायची वाट, गेलं होतं. बॅटरीपासून निघालेल्या अर्थिंगच्या पट्टीचा माग काढत मी गाडीखाली सरपटलो. ती चेसिसला जिथं बोल्टनं आवळली होती, तिथं काळा कुळकुळीत रंग होता.

तो रंग मालकाच्या हातचा होता. दर दसऱ्याला तो स्वतः गाडीखाली झोपून चेसिस रंगवतो, त्याचे वडील रंगवायचे म्हणून. दुसऱ्या कुणाला ब्रश धरू देत नाही. या वर्षी त्यानं पट्टी काढून तिच्याखालीही रंग मारला होता आणि त्या रंगावरच ती परत आवळली होती; रंगातून करंट जात नाही.

गुपचूप खरवडून मोकळं होता आलं असतं. पण मग डायनमो जाळणारा मीच राहिलो असतो. मी त्याला हाक मारली, वाकून बघायला लावलं.

"पूजा का रंग है," तो म्हणाला. "हाथ मत लगाना।"

"बाकी सब रहने दो भैया। यहाँ लोहा चाहिए।"

आणि त्याच्यासमोर पॉलिश पेपरनं घासायला घेतलं. लोखंड चमकलं तशी पट्टी आवळली. हेडलाइट लावले, इंडिकेटर दिला. लाल दिवा लागला नाही, काटा हलला नाही. त्यानं डॅशबोर्डकडं पाहिलं. मग म्हणाला, भाच्याला नको म्हणून सांगतो, तू निघ, भाजी सुकून राहिली. माफी त्यानं मागितली नाही. रंग घासल्याची मीही नाही.

काकूंचं माहेर वर्ध्याकडं आहे. गुडघ्यांमुळं बसची पायरी चढवत नाही म्हणून कित्येक वर्षांत गेल्या नाहीत. एक दिवस माझी स्वतःची गाडी येईल. तेव्हा काकूंना पुढच्या सीटवर बसवून मी थेट माहेरच्या दारात उतरवीन. त्या नको म्हणतील. मी ऐकणार नाही.