न वाढलेली पिशवी

कामरगावच्या नर्सबाई बोलण्याआधी चष्मा पुसतात आणि खुर्ची जवळ ओढतात. माझ्या सोळा वर्षांच्या लेकीला पाळी आली नव्हती. सोनोग्राफीत गर्भपिशवीच दिसली नाही, तेव्हा मी रडायला लागले.

बाईंनी दोन बोटं जुळवली. "मायच्या पोटात पोरीच्या दोन नळ्या वाढून अशा जुळतात, तवा पिशवी होते. हिच्या वाढल्याच नाही. कोनाचाच दोष नाही."

मग लेकीचा हात धरून म्हणाल्या, "मी बी अशीच जन्मली, बाई."

माझी मान खाली गेली. माझ्या सुनेचं बाळंतपण यांनीच केलं होतं. बारशाला त्यांनी हात पुढे केले, तेव्हा त्यांना मूल नाही म्हणून मी बाळ दुसरीच्या मांडीवर दिलं होतं.