सड्यावर पाय न ठेवणारं कुत्रं

आमच्या कुत्र्याला एकच खोड आहे. मी घरात नसले की ते जेवत नाही. मागं मिरजेला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी परत येईपर्यंत त्यानं भाकरीला तोंड लावलं नव्हतं. आले तर बरगड्या दिसत होत्या बिचाऱ्याच्या. तेव्हापासून मी बाहेर मुक्काम करणंच सोडून दिलं. लग्नाला जायचं, अक्षता टाकायच्या आणि मिळेल त्या एसटीनं पलूसला परत. लेकीच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही, तर तिच्याकडंही चहा पिऊन उठायची. आईला फक्त चहापुरती बघते मी, असं ती एकदा म्हणाली होती. ते माझ्या मनात राहिलं होतं.

लेक आणि जावई दोघं जाड टायरच्या, गिअरच्या सायकली चालवतात. चांगला डांबरी रस्ता सोडून दगडधोंड्यातनं उड्या मारत जायचं, त्यात काय सुख असतं ते त्यांनाच ठाऊक. दिवाळी झाल्यावर लेकीचा फोन आला. पाटणच्या वर डोंगरमाथ्यावर मोठं पठार आहे, तिथं सायकली चालवायच्या, मग कुंभार्ली घाट उतरून समुद्राला जायचं. बाबांनी जीप चालवायची, सायकली मागं बांधायच्या, आई पुढं बसणार.

“आणि ह्याचं काय?” मी विचारलं. ‘ह्याचं’ म्हणजे कुत्र्याचं, ते तिला सांगावं लागलं नाही.

“ते नाही तर तू नाही, आणि तू नाही तर मी सुट्टीच काढत नाही. जागा तूच शोध.”

झालं. सगळ्यांची सुट्टी येऊन पडली माझ्या गळ्यात.

मी फोन घेऊन ओसरीत बसले. जिथं जिथं राहायची सोय आहे असं लेकीनं कळवलं होतं, तिथं तिथं लावला. सगळे गोड बोलायचे, जेवण काय हवं विचारायचे, आणि कुत्र्याचं नाव काढलं की दुसरीकडं बघा म्हणायचे. आमचे हे फौजेतनं रिटायर झालेले. त्यांचा सल्ला असा, की आधी सांगायचंच नाही, गोधडीत गुंडाळून आत न्यायचं.

“आवं, चोरून न्यायला ती काय कँटीनची बाटली हाय?” मी म्हटलं. ते पेपर वाचायला लागले.

शेवटी पठारावरच्या एका बाईंचा नंबर लागला. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, म्हशी आहेत घरी. कुत्र्याचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मावशी, राग मानू नका. पर सड्यावर कुत्रं नको.”

आता आमच्याकडं सडा म्हणजे अंगणात शेणपाण्याचा घालतात तो. आणि या बाबतीत तर मला कुणाच्या बापाची भीती नव्हती. आमचं कुत्रं पिल्लू असल्यापासून सकाळी मी सडा घालते तेव्हा उंबऱ्यात बसून राहतं. मी वर रांगोळी काढते, “ये रं आता” म्हणते, मगच कडेनं खाली उतरतं. ओल्यावर एक पाऊल उमटलेलं दाखवावं कुणी. म्हणून मी जोरात सांगितलं, “आमचं कुत्रं सड्यावर पाय ठेवत न्हाई.”

“मग मावशी, येणार कसं ते?”

“कडेकडेनं.”

“कड कुठली? सडा लय मोठा हाय. चालून चालून पाय दुखतील तुमचं, इतका हाय.”

काय बाई असेल ही. “आवं बाई,” मी विचारलं, “एवढ्या सड्याला शेण कुठनं आणता?”

त्यानंतर त्या जे हसायला लागल्या, ते थांबेनात. घरातल्यांना बोलावून सांगत होत्या, ते मला ऐकू येत होतं. मग कळलं, त्यांच्या भागात त्या उघड्या कातळाच्या पठारालाच सडा म्हणतात. आमच्या यांना ते माहीत होतं. पेपरामागं खांदे हलत होते त्यांचे.

पण बघा, त्या हसण्यानं काम झालं. त्यांनी मोकळेपणानं कारण सांगितलं. मागं एका पाहुण्यांचं कुत्रं म्हशींच्या मागं लागलं, आणि अंधार पडेपर्यंत जनावरं शोधत फिरायची पाळी आली. म्हणून नको. मी म्हटलं, आणून दाखवते. म्हैस बुजली तर त्याच पावली माघारी जाऊ. त्या कबूल झाल्या. वर म्हणाल्या, त्यांचं माहेर घाटाखाली, समुद्राजवळ. इथं पास झालं तर भावाच्या नारळाच्या बागेतली खोली त्या स्वतः फोन करून ठरवतील. म्हणजे डोंगर काय नि समुद्र काय, सगळं एका म्हशीवर अडलं.

मग तयारी. शेजारच्या गोठ्यात रोज कुत्र्याला नेऊन बसवायला लागले. सायकलीबरोबर पळायची सवय हवी, म्हणून आमचे हे जुनी सायकल काढून कालव्याच्या कडेनं निघायचे, कुत्रं दोरीनं पुढं. “कुत्र्याला वळण लावताय व्हय?” कुणी विचारलं की म्हणायचे, “ते मला लावतंय.” त्यांचं पोट नजरेत भरण्याइतकं कमी झालं, तो फायदा वेगळाच.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वाऱ्यावर पवनचक्क्या फिरत होत्या आणि पिकलेलं गवत नुसतं लाटांसारखं हलत होतं. घराच्या अंगणात त्या बाईंनी संध्याकाळचा सडा नुकताच घातलेला. आमच्या सड्यासारखा, शेणाचा. पलीकडनं म्हशी परत येताना दिसल्या. लेकीनं दोरी घट्ट धरली होती.

“सोडा,” बाई म्हणाल्या. “मोकळं कसं वागतंय ते बघायचं हाय मला.”

सोडलं. कुत्रं अंगणाकडं धावलं, आणि ओल्याच्या कडेला येऊन खाली बसलं. म्हशी त्याच्या नाकासमोरनं गोठ्यात गेल्या. एक थांबली, फुरफुरली, त्याला हुंगून पुढं गेली. ते जागचं हललं नाही. त्याचं सगळं लक्ष माझ्याकडं. मी काही म्हणतेय का, एवढंच ते बघत होतं.

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “खरंच की वो. न्हाई ठेवत पाय.” आणि तिथंच भावाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा सडा मी घातला. मग त्यांच्या मोठ्या सड्यावर लेक पुढं, जावई मागं, मध्ये आमचं कुत्रं, कान मागं टाकून. मी जीपमध्ये उभी राहून बघत होते. आमच्या यांनी हॉर्न वाजवला तर मी त्यांना ओरडले, मग माझी मीच तो दाबला.

समुद्रावर मात्र कुत्रं अडलं. लाट येऊन मागं गेली, वाळू ओली चकचकीत झाली, आणि हे कडेला बसलं. लेक पाण्यातनं हाका मारतेय, जावई बिस्किट दाखवतोय, पण हे ढिम्म. त्यांना कळेना, मला कळलं. एवढा मोठा सडा त्यानं कधी बघितला नव्हता.

मी नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि ओल्या वाळूत उतरले. वाकून बोटानं एक कमळ काढलं, चांगलं पाकळ्यांचं. मग मागं वळून म्हटलं, “ये रं आता.”

आलं की. कडेनं नाही, सरळ माझ्या अंगावर. आम्ही दोघंही पाण्यात पडलो. लेक धावत आली उठवायला, पण मी तिला म्हटलं, थांब गं, बसू दे. घाई कसली आहे, आज मुक्काम आहे.